'विहार' : एक शब्द, अनेक अर्थ

'विहार' हा शब्द आज महाराष्ट्रातील प्रत्येक बौद्ध वस्तीत परिचित आहे. विहार म्हणजे बुद्धमूर्ती असलेली, वंदनेसाठी एकत्र जमण्याची वास्तू, हा त्याचा रूढ अर्थ होय. परंतु हा एवढासा शब्द अनेक देशांत व अनेक भाषांत गेला आणि प्रत्येक ठिकाणी त्याने निराळा अर्थ धारण केला.

वसई तालुक्यातील सोपारे, म्हणजे प्राचीन शूर्पारक, येथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. तो आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. लेख खंडित असला, तरी त्याचा संपूर्ण पाठ गिरनार आदी ठिकाणच्या प्रतींवरून कळतो. पूर्वीचे राजे 'विहारयात्रे'ला निघत. तीत मृगया व इतर करमणुकी होत, असे अशोक सांगतो. येथे 'विहार' म्हणजे केवळ मौज होय. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर अशोक संबोधीस, म्हणजे बोधगयेस, गेला आणि तेव्हापासून 'धम्मयात्रा' सुरू झाली. श्रमण-ब्राह्मणांची व वृद्धांची भेट, दान, ग्रामीण जनतेचे दर्शन आणि धम्माविषयी विचारपूस हे तिचे स्वरूप होते.

मराठीतील 'नौकाविहार', 'जलविहार' या शब्दांत तो जुना अर्थ अद्याप टिकून आहे. जैन परंपरेत मात्र साधूंनी गावोगाव पायी जाणे म्हणजे विहार. म्हणजे एकाच गावात एकाचा विहार चालतो, तर दुसऱ्याचा विहार स्थिर उभा असतो!

पाली भाषेत 'विहरति' म्हणजे राहतो, वास करतो. त्यावरून विहार म्हणजे निवास. चुल्लवग्गात अशी कथा आहे की, भिक्खू वृक्षातळी व गुहांत राहत असत. ते पाहून राजगृहाच्या श्रेष्ठीने भगवंतांच्या अनुमतीने त्यांच्यासाठी साठ विहार बांधले. पुढे भिक्खुसंघाच्या संपूर्ण वसतिस्थानास हे नाव मिळाले. पालीत चित्ताच्या निवासासही विहारच म्हणतात. मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा हे चार 'ब्रह्मविहार' होत. तेथे वास्तू नाही, भिंती नाहीत.

बिहार राज्याचे नाव या शब्दावरून आले. बल्ख येथील 'नवविहार' फारसीत 'नौबहार' झाला. थायलंडमध्ये 'विहान' म्हणजे बुद्धमूर्तीचे सभागृह; भिक्खू तेथे राहत नाहीत, ते 'कुटी'त राहतात. कंबोडियात 'विहिअर' म्हणजे प्रार्थनामंदिर. तेथील प्रसिद्ध 'प्रेअ विहिअर' हे तर मुळात शिवमंदिर आहे. मलय भाषेतील 'बिआरा' हा शब्द ख्रिस्ती मठासाठीही वापरतात आणि ख्रिस्ती जोगिणीस 'बिआरावती' म्हणतात.

या सर्व उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. शब्दाचा अर्थ केवळ धातूत नसतो. लोक त्या शब्दाने दर्शविलेल्या स्थानी काय करतात, त्यावरून तो ठरतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतल्यानंतर वस्त्यावस्त्यांतून जे विहार उभे राहिले, त्यांपैकी बहुतेकांत कायम निवासी भिक्खू नव्हता. उपासक-उपासिकांनी आपल्या कष्टाच्या पैशातून ते बांधले. तेथे वंदना झाली, ग्रंथवाचन झाले, मुलांचे अभ्यासवर्ग भरले. 'विहार' या शब्दाला हा नवा अर्थ येथील सामान्य माणसांनी दिला आहे.

म्हणूनच तो जपण्याची जबाबदारीही आपलीच आहे. जो विहार केवळ जयंतीला व बुद्धपौर्णिमेला उघडतो आणि एरवी कुलूपबंद असतो, त्याच्या फलकावर शब्द राहतो, अर्थ राहत नाही. अशोकाने यात्रा सोडली नाही, यात्रेचा हेतू बदलला. आपणही वास्तूबरोबर तिच्यातील नित्य व्यवहाराचा विचार केला पाहिजे. जेथे अध्ययन, मैत्री आणि करुणा यांचा वास असतो, तोच खऱ्या अर्थाने विहार होय.