ड्रॅग रेसिंगचे टायर आणि सार्वजनिक रस्ता : एक विवेचन

सारांश :
ड्रॅग रेसिंगसाठी तयार केलेले टायर रोजच्या वापरातील मोटारीस बसविण्याची हौस अमेरिकेत अनेक दशकांपासून आढळते. शर्यतीच्या पट्ट्यावर या टायरला श्रेष्ठ ठरविणारे गुणधर्मच सार्वजनिक रस्त्यावर धोक्याचे कारण कसे होतात आणि टायरवरील कायदेशीर खुणेचा अर्थ कोठपर्यंत घ्यावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : ड्रॅग रेसिंग, स्लिक टायर, ड्रॅग रेडियल, पकड, जलतरंगण, रस्ता सुरक्षा.

प्रस्तावना :
टायर हा मोटारीचा रस्त्याला स्पर्श करणारा एकमेव भाग होय. इंजिनाची शक्ती, ब्रेकची क्षमता आणि स्टिअरिंगची अचूकता या सर्वांची मर्यादा अखेरीस तळहाताएवढ्या स्पर्शक्षेत्रावर ठरते. ड्रॅग रेसिंग या क्रीडाप्रकारात दोन वाहने स्थिर अवस्थेतून निघून सरळ पट्ट्यावर धावतात. या शर्यतीचे पारंपरिक अंतर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर असते. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी कॅलिफोर्नियात नॅशनल हॉट रॉड असोसिएशनची स्थापना केली. रस्त्यांवर चालणाऱ्या बेबंद शर्यतींना नियमांच्या चौकटीत आणणे हा या संस्थेचा एक प्रमुख हेतू होता. शर्यत रस्त्यावरून पट्ट्यावर गेली. परंतु पट्ट्यावरचा टायर मात्र पुढे रस्त्यावर आला. ज्यांच्याकडे एकच मोटार आहे, ते तीच चालवीत पट्ट्यावर जातात आणि तीच चालवीत परततात. प्रत्येक वेळी चाके बदलण्याचा त्रास टाळावा, या साध्या विचारातून प्रस्तुत प्रश्न उद्भवतो.

ड्रॅग टायरची रचना :
प्रारंभीच्या काळात स्पर्धक जुन्या टायरवर गुळगुळीत रबर चढवून वापरीत. १९५०च्या दशकात मार्विन रिफचिन यांच्या एम अँड एच कंपनीने खास या खेळासाठी टायर बनविण्यास आरंभ केला. अशा टायरला स्लिक म्हणतात. त्याची चार वैशिष्ट्ये सांगता येतील.
१. पृष्ठभागावर खाचा किंवा नक्षी नसते. त्यामुळे कोरड्या पट्ट्याला अधिकाधिक रबर भिडते.
२. रबराचे मिश्रण अतिशय मऊ असते. ते पट्ट्याच्या सूक्ष्म खडबडीतपणात रुतते व त्याला चिकटते.
३. बाजूच्या भिंती लवचीक असतात. वाहन सुटताना त्यांना सुरकुत्या पडतात, धक्का शोषला जातो आणि स्पर्शक्षेत्र लांबते.
४. हवेचा दाब कमी ठेवला जातो. सामान्य मोटारीत तो साधारण ३० ते ३५ पीएसआय असतो, तर स्लिकमध्ये अनेकदा त्याच्या निम्म्याहूनही कमी असतो.
शर्यतीपूर्वी चाके जागेवरच फिरवून टायर तापविला जातो. या क्रियेस बर्नआउट म्हणतात. ऊब मिळाल्यावरच हे रबर आपली खरी पकड दाखविते. पट्ट्यावर चिकट द्रव्य फवारलेले असते आणि आधीच्या धावांचे रबरही साचलेले असते. तात्पर्य, ही पकड एकट्या टायरची नसून टायर, ऊब आणि पट्टा या तिघांची मिळून असते.

रस्त्यावरील परिणाम :
सार्वजनिक रस्त्यावर वरील तिन्ही गोष्टी एकत्र येत नाहीत. तेथे धूळ, खडी, तेल व ओल असते, आणि सरळ धावण्याबरोबरच वळणे, अचानक ब्रेक व लांबचा प्रवासही असतो. लवचीक भिंतींमुळे वळणावर मोटार डोलते व स्टिअरिंगला उशिरा प्रतिसाद देते. कमी दाबावर दीर्घकाळ धावल्यास भिंती सतत वाकतात, उष्णता साठते आणि टायर निकामी होण्याचा संभव वाढतो. मऊ रबर लवकर झिजते, खडी उचलते आणि थंडीत कडक होऊन पकड गमावते.
सर्वांत गंभीर प्रश्न पाण्याचा आहे. टायरवरील खाचा पाणी बाहेर टाकण्यासाठी असतात. पाणी बाहेर पडले नाही, तर त्याचा पातळ थर टायरला उचलून धरतो आणि मोटार अक्षरशः पाण्यावर तरंगू लागते. यासच जलतरंगण म्हणता येईल. या अवस्थेत ब्रेक व स्टिअरिंग दोन्ही निरुपयोगी ठरतात. १९६३ मध्ये नासा या संस्थेतील वॉल्टर हॉर्न व रॉबर्ट ड्रेहर यांनी विमानांच्या टायरवरील प्रयोगांतून दाखविले की, ज्या वेगाला टायर तरंगू लागतो तो वेग हवेच्या दाबाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. या सूत्रानुसार ३२ पीएसआय दाबाला तो वेग ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतो, तर १६ पीएसआयला केवळ ६७ किलोमीटर. मोटारीच्या बाबतीत हे आकडे दिशादर्शकच मानावेत; परंतु त्यांचा बोध स्पष्ट आहे. साचलेले पाणी खाचांच्या खोलीपेक्षा अधिक झाले की हा धोका सुरू होतो. जेथे खाचाच नाहीत, तेथे थोडे पाणीही पुरते.
बहुधा असे टायर मागील दोन चाकांनाच बसविले जातात. त्यामुळे ओल्या रस्त्यावर पुढील चाके पकड राखतात व मागील सुटतात. परिणामी मोटार स्वतःभोवती फिरते. कोरड्या रस्त्यावर याउलट एक यांत्रिक अडचण संभवते. चाक घसरल्याने शक्तीचा जो धक्का निघून जातो, तो आता निघत नाही. मग आस किंवा डिफरन्शियल तुटते.

कायदेशीर खुणेचा अर्थ :
शुद्ध स्लिक केवळ शर्यतीसाठी विकले जातात. मधला मार्ग म्हणून ड्रॅग रेडियल पुढे आले. त्यांवर थोड्या खाचा असतात आणि डीओटी ही खूणही असते. अनेक चालक या खुणेस सरकारी सुरक्षा प्रमाणपत्र समजतात. वस्तुतः अमेरिकेत टायर संघराज्याच्या किमान मानकांत बसतो, हे निर्माता स्वतः प्रमाणित करतो; शासन प्रत्येक टायर तपासून मान्यता देत नाही. टायरवर छापली जाणारी पकडीची श्रेणीदेखील ओल्या पृष्ठभागावरील सरळ रेषेतील ब्रेकिंगपुरती असते. वळणे व जलतरंगण यांविषयी ती काहीच सांगत नाही. नव्या ड्रॅग रेडियलच्या खाचा उथळ असल्याने झिजेची १.६ मिलिमीटरची किमान मर्यादा लवकर गाठली जाते. भारतातही मोटारीच्या टायरसाठी हीच मर्यादा आहे. आपल्याकडे ज्याला ‘गोटा झालेला टायर’ म्हणतात, त्या अवस्थेपासून असा टायर प्रथमपासूनच फार दूर नसतो. म्हणजेच कायद्याने वापरता येणे आणि पावसात सुरक्षित असणे या दोन भिन्न गोष्टी होत.

व्यवहार्य मार्ग :
या प्रश्नाचे उत्तर खेळाडूंच्याच परंपरेत सापडते. हॉट रॉड या नियतकालिकाने २००५ मध्ये ड्रॅग वीक ही स्पर्धा सुरू केली. तीत स्पर्धक एका आठवड्यात निरनिराळ्या पट्ट्यांवर धावतात आणि मधले अंतर, एकूण सुमारे १,००० मैल, त्याच मोटारीने सार्वजनिक रस्त्यावरून कापतात. अनेक स्पर्धक मोटारीमागे लहान ट्रेलर जोडून त्यात शर्यतीची चाके नेतात. पट्ट्यावर पोहोचल्यावर ती चढवितात व निघताना पुन्हा रस्त्याची चाके लावतात. अत्यंत वेगवान मोटारी बाळगणारेही हा त्रास आवश्यक मानतात, ही बाब लक्षणीय आहे. ज्यांना ड्रॅग रेडियल वापरूनच प्रवास करणे भाग आहे, त्यांनी रस्त्यावर निघण्यापूर्वी मोटारीसाठी निर्दिष्ट केलेला दाब भरावा, खाचांची खोली वारंवार मोजावी आणि पाऊस वा कडाक्याची थंडी असता मोटार बाहेर काढू नये.

समारोप :
टायर चांगला की वाईट, हा प्रश्न मुळात अपुरा आहे. तो कोणत्या पृष्ठभागासाठी, किती उष्णतेत व कोणत्या दाबाला चांगला, असे विचारले पाहिजे. ड्रॅग टायरचे गुण हे पट्ट्याशी झालेल्या कराराचे गुण आहेत. रस्ता त्या करारात सहभागी नाही. आणि तो मोडल्याची किंमत चालकाबरोबरच त्या रस्त्यावरील इतरांनाही मोजावी लागते, ज्यांचा शर्यतीशी काही संबंध नसतो. चाके बदलण्याचा अर्धा तास हा त्या दृष्टीने अल्प मोबदला होय.