मंडईच्या दिवसांतील रेघ

शाळेच्या हजेरीपटावर दिवाळीच्या सुटीची आडवी रेघ ओढून, चित्रकलेच्या खोलीतले कपाट कुलूपबंद करून आणि किल्ली कार्यालयात जमा करून मी बाहेर पडलो, की माझ्या नोकरीतले एक सत्र संपे आणि माझ्या चित्रकलेचा खरा हंगाम सुरू होई. आणि हा क्रम तीन तपे अव्याहत चालला. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांच्या निमित्ताने वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि अक्षरलेखन यांच्या शेकडो कागदांवरून दृष्टी फिरवून शिणलेल्या शिक्षकाला, दुसऱ्याची रेघ तपासण्याऐवजी आपली रेघ ओढण्याची मुभा या सुटीतच मिळे. म्हणून प्रस्तुत आढावा धनतेरसेपासून मंडईचा शेवटचा पडदा गुंडाळला जाईपर्यंतच्या काळाचा आहे, आणि त्याचा मुलूख भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी या सात तालुक्यांचा आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा शासनाच्या नकाशावर सीमा पडली. सणांच्या आणि नाटकांच्या नकाशावर मात्र ती कधीच उमटली नाही.

ज्या लाखनी गावावरून कलकत्त्याकडे जाणारा हमरस्ता जातो, त्याच गावी १९२८ साली भाऊ समर्थ जन्मले, ही गोष्ट आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना आपण पुरेशा आग्रहाने सांगत नाही याचे मला मनापासून दुःख आहे. नागपुरात राहून त्यांनी रंगविलेल्या चित्रांइतकेच त्यांच्या रेखाटनांचे मोल आहे. कारण हा चित्रकार रेघेला समाजापासून तोडून पाहतच नव्हता, आणि चित्रकला व समाज यांच्या नात्याविषयी त्यांनी मराठीत आणि हिंदीत जे लिहिले, त्याचा पायाही रेघेच्या नित्य सहवासाचाच होता. हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पर्यंत नागपुरात होते, त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत होते. कवी, पत्रकार आणि चित्रकार यांचा असा निकट सहवास ज्या शहरात होता, तेथे एका चित्रकाराने साहित्याच्या नियतकालिकांना आपली रेघ द्यावी, हे स्वाभाविकच होते. चित्रकार रावबहादूर धुरंधरांनी १९४० साली ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मवृत्त प्रसिद्ध केले, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतला त्यांचा मानसन्मान आणि लाखनीच्या मुलाची ती वाटचाल यांत भूमीचे आणि काळाचे अंतर फार आहे, तरी दोघांच्या बाबतीत मला एकच गोष्ट शिकण्यासारखी वाटते, ती ही की रेखाटन हे चित्राच्या पूर्वतयारीचे गौण काम नसून ती डोळ्यांची रोजची संध्या आहे.

माझी वही तळहातापेक्षा थोडी मोठी, पुठ्ठ्याची पाठ असलेली, सदऱ्याच्या खिशात मावणारी अशी असते. मोठी वही काढली की माणसे सावध होतात आणि सावध माणसाचा खांदा खोटे बोलतो.

धनतेरसेच्या दिवशी ही वही भंडारा शहराच्या भांडे-बाजारात उघडते. पितळेच्या भांड्यांसाठी ज्या शहराची ख्याती सर्वदूर होती, तेथे हातोड्यांचा तो अखंड नाद आता विरळ झाला आहे. स्टेनलेस स्टीलने आणि यंत्राच्या मालाने कारागिरांच्या कित्येक घरांतल्या भट्ट्या थंड केल्या. तथापि या एका दिवशी दुकानाच्या पायरीवर एक माणूस लहानशी छिन्नी आणि हातोडी घेऊन बसलेला दिसतो, आणि नव्या गुंडीवर, परातीवर किंवा तांब्यावर ठिपक्याला ठिपका जोडीत घरधनिणीचे नाव आणि साल घालतो. त्याच्यापुढे ना पेन्सिलीची आखणी असते ना खोडरबर. अक्षराची शिरोरेखा भांड्याच्या वक्र पोटावरून सरळ जावी म्हणून तो भांडेच गुडघ्यावर फिरवितो, हात स्थिर ठेवतो. आणि अक्षरलेखनाचा तास मी ज्या पद्धतीने घेत आलो, ती पद्धत किती अपुरी होती हे मला त्याच्या शेजारी बसल्यावर कळले. एका धनतेरसेला मी त्याचे हात सतरा वेळा काढले. सतरापैकी एकाच रेखाटनात छिन्नीचे वजन उतरले, आणि नेमके त्याच रेखाटनात मी बोटे मोजायला विसरलो होतो.

भांड्यावर नाव घालण्याचा हा रिवाज पाहताना मला दर वर्षी पवनीची आठवण होते. वैनगंगेच्या तीरावरील त्या प्राचीन नगराजवळ, जगन्नाथ टेकडी येथे, १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी संयुक्तपणे उत्खनन केले, डॉ. शांताराम भालचंद्र देव आणि जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखाली मौर्य-सातवाहन काळातील बौद्ध स्तूपाचे अवशेष, कठड्याचे कोरीव स्तंभ आणि त्यांवर दान देणाऱ्यांची ब्राह्मी लिपीतील नावे उजेडात आली. मुचलिंद नागाचे जे शिल्प तेथे मिळाले, त्यातील फणांची रेघ पाहावी. दगड इतका थोडा कोरला आहे की त्याला शिल्प म्हणण्यापेक्षा दगडावरचे रेखाटन म्हणणेच मला अधिक यथार्थ वाटते. दोन हजार वर्षांपूर्वी या जिल्ह्यात कोणा उपासकाने आपले नाव दगडात घालून घेतले, आणि आजही याच जिल्ह्यात नवी सून आपले नाव परातीवर घालून घेते. नाव घालणाऱ्या हाताचे नाव मात्र तेव्हाही कोणी लिहिले नाही आणि आजही कोणी लिहीत नाही. पवनीचा कोसा विणणाऱ्या हातांचीही तीच कथा. करवतकाठी साडीच्या काठावरचे ते करवतीचे दाते पेन्सिलीने सरळ एका मापाचे काढून पाहावेत, म्हणजे मागावर धोटा फेकणाऱ्याची नजर किती पक्की असते ते समजते.

लक्ष्मीपूजनाच्या रांगोळ्यांवर पुष्कळांनी लिहिले आहे, त्यामुळे मी तेथे थांबत नाही. छुईने पांढऱ्या केलेल्या भिंतीच्या तळाशी गेरूचा पट्टा ओढणाऱ्या बायकांविषयी मात्र दोन शब्द लिहिले पाहिजेत. कारण घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हाताचा पोतेरा न उचलता, श्वास रोखून ओढलेली ती रेघ खडबडीत मातीवर अशी समतल उतरते, की फूटपट्टीने आखलेली रेघ तिच्यापुढे निर्जीव वाटावी.

बलिप्रतिपदेला गायगोधन. गावातली गुरे आखरावर जमतात, शिंगांना रंग, गळ्यात झेंडूच्या आणि धानाच्या लोंब्यांच्या माळा, अंगावर रंगाचे ठसे. शेणाच्या गोधनावरून गायी जातात आणि गोवारी बांधव मोरपिसांनी सजविलेली ढाल उभारून नाचतात. ही ढाल रेखाटणे फार कठीण आहे. उंच काठी, तिच्या अंगचे वजन, ती पेलणाऱ्याच्या कमरेचा ताण आणि वर वाऱ्यावर थरथरणारी पिसे, या चारही गोष्टी एकाच वेळी डोळ्यांत धरल्याशिवाय ती कागदावर उभी राहत नाही. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जीव गेले. त्यानंतरच्या दिवाळीत ढाल नाचविणाऱ्यांचे चेहरे काढताना माझा हात पहिल्यासारखा चालेना. शोभेची वस्तू म्हणून जी मी इतकी वर्षे रेखाटीत होतो, ती एका समाजाच्या अस्तित्वाची खूण आहे, हे मला फार उशिरा समजले. आणि तेव्हापासून मी आधी माणूस काढतो, मग ढाल.

भाऊबीज झाली की मंडईचे दिवस लागतात. आमच्या या धानाच्या मुलखाबाहेरच्या, म्हणजे झाडीपट्टीबाहेरच्या, वाचकाला मंडई म्हणजे भाजीबाजार वाटेल, म्हणून खुलासा करणे अवश्य आहे. आमच्याकडे मंडई म्हणजे गावाची जत्रा, दिवसा दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्ये, रात्री नाटक, आणि या सर्वांच्या मिषाने सोयऱ्याधायऱ्यांचा मेळा. एका मौज्याची मंडई दुसऱ्याच्या आड येऊ नये म्हणून गावे आपापले दिवस ठरवून घेतात. सासरी गेलेल्या लेकी येतात, पुण्या-मुंबईस मजुरीला गेलेली मुले येतात, ओसरीवर बसून सोयरिकी जुळतात. हलका धान एव्हाना कापून झालेला असतो, बांध्यांमध्ये कडपा पसरलेल्या असतात, कोठे पुंजणे रचलेले असते, भारी धान अजून उभा असतो. मालगुजारीच्या काळातले तलाव आणि गावोगावच्या बोड्या पावसाच्या पाण्याने भरलेल्या असतात. अशा वेळी धुऱ्यावरून चालत एका मंडईहून दुसऱ्या मंडईला जाणारी रंगीबेरंगी रांग काढण्यासाठी मी कितीतरी वह्या खर्ची घातल्या आहेत, आणि ती रांग अजूनही माझ्या मनासारखी उतरलेली नाही.

मंडईत रेखाटन करणाऱ्याला एकांत मिळत नाही. परंतु जे मिळते ते कोणत्याही कलाशाळेत मिळत नाही. पहिली रेघ ओढली की पाठीमागे मुले जमतात, मग मोठी माणसे, आणि मग परीक्षण सुरू होते. एकदा बैलबंडी काढीत असताना एक म्हातारेबुवा बराच वेळ काठीवर हनुवटी टेकून पाहत उभे होते. शेवटी अत्यंत आदराने म्हणाले, “बैल बराबर काहाडला जी गुरुजी, पन जू मानेवर नाही बसला.” मी पुन्हा पाहिले. जू खरोखरच हवेत तरंगत होते. बैलाच्या मानेचा उंचवटा मी पुस्तकातून शिकलो होतो, त्यांनी तो तळहाताने ओळखला होता. मी तेथेच ते दुरुस्त केले आणि त्यांना दाखविले. त्यांनी चित्राकडे न पाहता शेजारच्या जिवंत बैलाकडे पाहिले, मग चित्राकडे, आणि मान डोलावली. माझ्या रेखाटनाला मिळालेले याहून मोठे प्रशस्तिपत्र मला आठवत नाही.

खडी गंमतीत कलावंत उभ्यानेच रंग भरतात. ढोलकी, डफ आणि तुणतुणे यांच्या मेळात नाच्याचे पाऊल इतके झरझर पडते की पूर्ण आकृती काढण्याचा मोह टाकावाच लागतो. मी फक्त भाराची रेघ घेतो, म्हणजे मस्तकापासून टेकलेल्या टाचेपर्यंतचा एक वाक. तो साधला तर लुगड्याचा घोळ, कमरेवरचा हात आणि ढोलकीवाल्याकडे टाकलेली नजर ही मागाहून घरी बसून भरता येतात. तो चुकला तर कितीही कलाकुसर केली तरी आकृती पडते.

आणि रात्री नाटक. शेतात खोदलेली बैठक, मातीचा उंच केलेला रंगमंच, बैठकीत दाटीवाटीने बसलेली पंचक्रोशी, आणि पहाटेपर्यंत चालणारा खेळ. या रंगभूमीचे मोठे केंद्र गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज म्हणजे वडसा येथे असले, तरी तिचा प्रेक्षक लाखांदूर-साकोलीकडेही तितकाच निष्ठावान आहे. या रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा झाडीपट्टीतल्या घराघरांत आनंद झाला, आणि तो न्याय्यच होता. परंतु नटाच्या पाठीमागे जो महाल, जे जंगल, जी झोपडी आणि जो तुरुंग उभा असतो, तो रंगविणाऱ्याकडे आपली दृष्टी अद्याप वळलेली नाही, ही माझी तक्रार आहे आणि ती मी येथे नोंदवून ठेवतो.

पडदा रंगविणे हे काय काम आहे ते पाहावे. मांजरपाटाचे पट्टे शिवून जोडायचे, जमिनीवर ताणायचे, सरस आणि खडूची भुकटी कालवून त्यांवर अस्तर द्यायचे. मग गेरूत बुडविलेली सुतळी दोन टोकांना धरून फटकन सोडायची, की क्षितिजाची सरळ रेघ उमटते. त्यानंतर लहान रेखाटनावर चौकटी पाडून तीच चित्रे मोठ्या चौकटींत उतरवायची, आणि हे सारे पडद्यावर अनवाणी चालत, लांब काठीला बांधलेल्या कुंचल्याने. जवळून पाहिले तर नुसते फराटे. पन्नास पावले मागे गेले, दिवे लागले, की त्याच फराट्यांचा दिवाणखाना होतो. अंतराचा हा हिशेब रंगारी कोणत्या पुस्तकातून शिकत नाही. माझ्या ओळखीच्या अशा एका रंगाऱ्याकडे पोळ्यापूर्वी लाकडी नंदी, भाद्रपदात गणपती, नवरात्रात शारदेच्या मूर्ती आणि उरलेल्या दिवसांत दुकानांच्या पाट्या असे बारमाही काम असे. पाटीचे काम पुढे फ्लेक्सने गेले, आणि पडद्याचेही जाऊ लागले आहे. जुना पडदा जीर्ण झाला तर त्यावरच नवे अस्तर चढते, किंवा तो धान झाकण्यासाठी जातो. एका खळ्यावर पुंजण्यावर पसरलेला राजमहालाचा अर्धा कमानदार सज्जा मी पाहिला आणि रेखाटून ठेवला. ते एकच रेखाटन आज त्या पडद्याचा पुरावा म्हणून उरले आहे.

आता दिवाळी अंकाविषयी थोडे. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, आणि पुढे १९४५ साली दीनानाथ दलालांनी ‘दीपावली’ सुरू केला, तेव्हापासून ज्या गावांत चित्रप्रदर्शन कधी भरणार नव्हते त्या गावांत चित्रे टपालाने पोहोचू लागली. दलाल आणि मुळगावकर या गोमंतकीय चित्रकारांची मुखपृष्ठे आमच्या वाचनालयाच्या टेबलावर येत, आणि अंक कोणी वाचावयास नेण्यापूर्वी ती ट्रेसिंग कागदावर उतरवून घेण्याची आम्हा मुलांची घाई असे. त्यांतल्या स्त्रियांचे ते कमनीय हात कोठल्याही धानाच्या बांधीत दिसत नाहीत, हे ध्यानी यायला मला तारुण्य ओलांडावे लागले. तरीही त्या मुखपृष्ठांचे माझ्यावरील ऋण मी नाकारीत नाही. भाऊ समर्थांची रेघ मी नंतर पाहिली. तिने मला मुखपृष्ठाकडून ओसरीकडे परत आणले.

गेल्या तीन-चार वर्षांपासून सुटीत माझे जुने विद्यार्थी बरोबर येतात. एक पुण्याच्या कारखान्यात नोकरीला आहे, एक आमच्याच तालुक्यात पटवारी आहे, एक मुलगी परिचारिका आहे. चित्रकार म्हणून कोणाचाही चरितार्थ चालत नाही. पहाटे वैनगंगेच्या घाटावर जमायचे, धुके उतरेपर्यंत नदी काढायची, मग ज्या गावची मंडई असेल तिकडे निघायचे, आणि रात्री नाटकाला बसण्यापूर्वी कोणाच्या तरी ओसरीवर वह्या एकमेकांसमोर ठेवायच्या, एवढाच आमचा दस्तूर. पटवारी असलेल्या मुलाचा हात नकाशामुळे घोटीव झाला आहे. धुरे तो अचूक काढतो, परंतु त्याच्या चित्रात माणसे नसतात. परिचारिका असलेली मुलगी झोपलेली माणसे काढते. रात्रपाळीत जागे राहायचा सराव असल्याने, नाटकाच्या तिसऱ्या अंकाला आईच्या मांडीवर, पोत्यावर, एकमेकांच्या खांद्यावर कलंडलेली मुले तिनेच कागदावर आणली.

यंदा शेवटच्या मंडईच्या पहाटे नाटक संपले, शेकोट्या विझत आल्या आणि मंडळी गाड्या जुंपू लागली, तेव्हा ती एकटीच रंगमंचासमोर बसून राहिली होती. पडदा सोडविणारी दोन माणसे त्याचे एकेक टोक धरून बांबूवर गुंडाळीत होती. आधी आकाश गेले, मग महालाचे सज्जे, मग कारंजे. तिने हात वर करून त्यांना थांबविले आणि म्हणाली, “दादा, जरा धराजी, खालचा रंगाऱ्याचा हात राहिला.” पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, कुंचला पुसताना उमटलेला, पाच बोटांचा एक निळा ठसा होता. ती दोघे तसाच पडदा धरून उभी राहिली, आणि तिने तो काढून घेतला.