फाल्गुनातला डोह

महाशिवरात्र झाली की थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असं आपल्याकडे म्हणतात. मुळशीत ती जाते तेव्हा डोंगरउतारावर पळस आणि पांगारा फुललेला असतो, आणि खाली मुळा नदी अंग चोरून वाहायला लागलेली असते. माझ्या लहानपणी या दिवसांत मामा माळ्यावरची गळाची काठी काढायचे. आम्हां पोरांच्या लेखी वसंत ऋतू त्या दिवशी सुरू व्हायचा.

मामांचं गाव पौडच्या खालच्या अंगाला, नदीकाठी. ते शेतकरी, मासेमारी हा त्यांचा धंदा नव्हता. पण फाल्गुनात संध्याकाळी डोहावर जायचं आणि शिंगाळा धरायचा, हा त्यांचा नेम होता. शिंगाळा म्हणजे आपल्या नदीतला मिशीवाला मासा. अंगाला खवले नाहीत, तोंड चपटं आणि रुंद, वरच्या जबड्याच्या मिशा लांबच लांब. इंग्रजीत अशा सगळ्या माशांना ‘कॅटफिश’ म्हणतात, ते या मांजरासारख्या मिशांमुळे.

या शिंगाळ्याचं नाव शास्त्राच्या पुस्तकात मराठीतूनच गेलं आहे. मुंबई सरकारसाठी दख्खनची माहिती गोळा करणारा साइक्स नावाचा एक लष्करी अधिकारी होता. त्यानं इथल्या नद्यांतल्या माशांची वर्णनं १८३९ साली प्रसिद्ध केली, आणि कितीतरी माशांना इथल्या लोकांच्या तोंडची नावंच दिली. शिंगाळ्याला ‘सिंघाला’, आपल्या महसीरला ‘खुद्री’, नकट्याला ‘नुक्ता’. जगातला कुठलाही अभ्यासक आज हे मासे याच नावांनी ओळखतो.

मामांचे काही नियम होते. आम्ही ते मुकाट पाळायचो. त्यांची कारणं मला पुढे प्राणिशास्त्र शिकताना कळली.

पहिला नियम, उन्हानं पाणी तापल्याशिवाय गळ टाकायचा नाही. माशाच्या रक्ताला स्वतःची ऊब नसते. पाणी गार तर मासाही गार. थंडीत त्याचं पचन मंदावतं, भूक कमी होते, तो खोल पाण्यात सुस्त पडून राहतो. फाल्गुनात दिवसभराच्या उन्हानं उथळ काठाचं पाणी जरा कोमट होतं. तिथं छोटे मासे आणि झिंगे हालचाल करू लागतात, आणि त्यांच्या मागावर दिवेलागणीच्या सुमाराला शिंगाळा खोलातून काठाकडे येतो.

दुसरा नियम, काठावर पाय आपटायचे नाहीत. बोललात तर चालेल, पण धपधप चालायचं नाही. या जातीच्या माशांत पोटातल्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते. पाण्यातला कंप पिशवीला जाणवतो आणि या हाडांवाटे कानापर्यंत पोचतो. आपलं बोलणं बहुतेक हवेतच राहतं, पावलांचा धक्का मात्र जमिनीतून थेट पाण्यात उतरतो.

तिसरा नियम, विडी ओढलेल्या किंवा साबण लावलेल्या हातानं आमिष लावायचं नाही. आधी काठाची माती हाताला चोळायची, मग गांडूळ गळाला लावायचं. आपली चव जिभेपुरती असते. मिशीवाल्या माशाच्या मिशांवर, ओठांवर, एवढंच काय, अंगाच्या कातडीवरही चव ओळखणारे कण असतात. अंगभर जीभ घेऊनच तो पोहतो म्हणा ना. गढूळ पाण्यात, काळोखात त्याला डोळ्यांची फारशी गरज पडत नाही. पण याच कारणानं नको असलेली चवही त्याला लगेच कळते.

चौथा नियम मी मोडला आणि कायमचा शिकलो. गळाला लागलेला शिंगाळा अंगठा आणि बोटं पंखांच्या मागून घालूनच धरायचा. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे त्याचे तीन काटे असतात. घाबरला की तो ते ताठ करून अडकवून ठेवतो. मी दहा वर्षांचा असताना उत्साहानं मासा मुठीत धरला आणि काटा तळहातात गेला. रात्रभर हात ठणकत होता. मामींनी सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायला लावला. तो उपाय बरोबर होता, कारण या काट्यांचं विष उष्णतेनं निकामी होतं. मात्र काटा आत मोडला किंवा सूज वाढली, तर डॉक्टरांकडेच जायला हवं.

अमेरिकेत ‘चॅनेल कॅटफिश’ नावाचा याचा एक दूरचा भाऊबंद आहे. तिथंही वसंताच्या सुरुवातीला लोक गळ घेऊन नदीवर जातात. पण तिथला वसंत आणि आपला वसंत यांत मोठा फरक आहे. तिथं बर्फ वितळतं, नद्या भरून वाहतात, थंडीत मेलेले छोटे मासे पाण्याबरोबर येतात आणि कॅटफिशला मेजवानी मिळते. आपल्याकडे वसंतात नदी आटते. त्यातून मुळेची गोष्ट आणखी वेगळी. मुळशीचं धरण टाटांनी विजेसाठी बांधलं. त्याविरुद्ध १९२१ साली सेनापती बापट आणि मावळ्यांनी सत्याग्रह केला, तो इतिहास आपल्याला ठाऊक आहे. त्या धरणाचं पाणी सह्याद्री उतरून कोकणात भिऱ्याच्या वीजकेंद्राकडे जातं. पूर्वेला वाहणारी मूळची नदी उन्हाळ्याच्या तोंडाशी ठिकठिकाणी डोहांपुरती उरते.

आणि खरा प्रश्न इथंच आहे. पावसाळ्यात मैलोन्‌मैल पसरलेले मासे फाल्गुनात एकेका डोहात गोळा होतात. गळवाल्याला हे सोयीचं असतं, पण ज्याला एका रात्रीत सगळा डोह उपसायचा असतो त्याच्याही ते पथ्यावर पडतं. काही वर्षांपूर्वी एका सकाळी मी मामांच्या डोहावर गेलो, तर पाणी मेलेल्या माशांनी पांढरं झालं होतं. रात्री कुणीतरी ब्लीचिंग पावडर टाकली होती. मोठे मासे उचलून नेले होते. बोटाएवढी पिल्लं तशीच तरंगत होती. मामा तेव्हा सत्तरीचे होते. ते काठावर बसून राहिले आणि एवढंच म्हणाले, “बियाणं खाल्लं रे.”

मुळशी आंबेमोहराचा मुलूख. घरात कितीही ओढ असली तरी बियाण्याच्या कणगीला हात लावायचा नाही, हे तिथल्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. डोह ही नदीची कणगी आहे. पहिल्या पावसानं नदी वाहती झाली की याच डोहातले मासे वर-खाली पसरतात. शिंगाळा तर पुढच्या उन्हाळी-पावसाळी महिन्यांत तळाशी खळगा करून अंडी घालतो, आणि नर त्यांची राखण करतो. तो राखणदारच उचलला, तर मागे उरलेल्या अंड्या-पिल्लांना कोण वाली?

आपल्या पूर्वजांना हे उमगलं होतं. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड आहे. तिथले महसीर देवीचे म्हणून कुणी धरत नाही. देवाच्या नावानं का होईना, एक डोह राखला जातो आणि नदीत मासा शिल्लक राहतो.

आता आणखी एक पाहुणा येऊन बसला आहे, आफ्रिकन मांगूर. हवेतून श्वास घेणारा, घाण पाण्यातही तगणारा, आणि दिसेल ते खाणारा. त्याच्या पालनावर केंद्र सरकारनं २००० सालीच बंदी घातली, तरी तो चोरून पाळला जातो आणि तळ्यांतून नद्यांत शिरतो. तेव्हा बाजारातून आणलेला जिवंत मांगूर दयेपोटीसुद्धा नदीत सोडू नका. तुमची दया शिंगाळ्याच्या पिल्लांना भोवेल.

गळ टाकू नका, असं मी म्हणणार नाही. मी अजूनही टाकतो. पण एक-दोन मासे मिळाले की काठी गुंडाळतो, पिल्लू लागलं तर ओल्या हातानं सोडवून परत पाण्यात सोडतो, आणि होळीनंतर डोहावर गळ नेत नाही. त्या डोहात पुन्हा शिंगाळा दिसायला चार पावसाळे जावे लागले. पहिला मासा लागला तेव्हा मामा नव्हते. हातभर लांबीचा होता. मी तो सोडून दिला.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)