बंदुकीचा भाग सदोष निघाला तर कंपनीकडे दाद कशी मागावी?



भात पोटरीला आले की रानडुकरे शेतात उतरतात. पीक-संरक्षणाचा परवाना असलेले आपल्यापैकी काहीजण मग बंदूक बाहेर काढतात. आमच्या भागातल्या एका शेतकरी बांधवाने नवी बारा बोअरची बंदूक घेतली. महिन्याभरात तिचा सेफ्टीचा खटका धरेना. बांध उतरताना चापाला हात न लावता बार उडाला. पायाजवळची माती उडाली, माणूस थोडक्यात वाचला. कंपनीला त्यांनी फोन केले. "बघतो, कळवतो" यातच दोन महिने गेले. लेखी तक्रार केली, तेव्हा कुठे भाग बदलून मिळाला. म्हणून रीत समजून घेऊ.

१) दोष दिसताच बंदूक वापरणे बंद करा. चाप ओढूनही बार उडाला नाही, तर नळी मोकळ्या दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबा. मगच काडतूस काढा. बंदूक रिकामी करून कुलुपात ठेवा.

२) गावच्या लोहाराकडे नेऊ नका. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो. सुटे भागही कायद्याने बंदुकीतच मोडतात, म्हणून ते पोस्टाने धाडू नका. परवानाधारक दुकानदाराकडे स्वतः न्या, परवाना जवळ ठेवा. दुसऱ्याच्या हाती द्यायची झाली तर तुमची लेखी चिठ्ठी हवीच. दुकानदाराकडून बंदुकीचा क्रमांक घातलेली पावती घ्या.

३) कंपनीला पत्र लिहा. त्यात बंदुकीचा प्रकार, बोअर व क्रमांक, बिलाची तारीख, दुकानाचे नाव, कोणते काडतूस वापरले, दोष कधी व कसा दिसला, हे थोडक्यात लिहा. काय हवे तेही स्पष्ट सांगा: भाग बदलून, दुरुस्ती की पैसे परत. पंधरा दिवसांची मुदत द्या. बिल व हमीपत्राच्या झेरॉक्स जोडा. मूळ कागद कधीही देऊ नका. पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा. फोन झाला तर तारीख आणि बोलणाऱ्याचे नाव वहीत टिपा.

४) पत्ता नीट पाहा. सरकारी कारखान्यांचे ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड १ ऑक्टोबर २०२१ रोजी बरखास्त झाले. इशापूरचा रायफल कारखाना आता कानपूरच्या अॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या सरकारी कंपनीत आहे. जुन्या बिलावरचा बोर्डाचा पत्ता वापरू नका.

५) बंदूकच बदलून मिळणार असेल तर परस्पर घेऊ नका. परवान्यावर नवा क्रमांक चढवण्यासाठी आधी परवाना देणाऱ्या कार्यालयात अर्ज करा.

६) उत्तरच आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. त्यानेही भागले नाही तर आपल्याच जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगाकडे जा. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही.

शेवटी एक आठवण. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. रानडुक्कर मारायला वनखात्याची वेगळी परवानगी लागते.

पीक गेले तर पुढच्या हंगामात पुन्हा येईल. हातपाय पुन्हा येत नाहीत. बिल आज शोधून ठेवा, बंदुकीचा क्रमांक आजच वहीत लिहून ठेवा.