सदतीस अंशांची पेटी

"गुरुजी, पाणी तर काचेसारखं स्वच्छ दिसतंय. मग आमची पोटं का बिघडली?"

चौथीतल्या एका मुलीनं भर वर्गात मला हा प्रश्न विचारला. पावसाळ्याचे दिवस होते. छत्तीसच्या पटातली अकरा मुलं त्या दिवशी गैरहजर होती. कुणाला जुलाब, कुणाला उलट्या. आणि ही सगळी मुलं एकाच विहिरीचं पाणी पिणारी! मी पेलाभर पाणी उजेडात धरून पाहिलं. गाळ नाही, वास नाही. पण डोळ्यांना दिसत नाही म्हणजे पाण्यात काही नाहीच, असं थोडंच असतं? पाणी तपासून घ्यायचं ठरलं.

बालमित्रांनो, पहिली चूक माझीच झाली. घरातल्या सरबताच्या बाटलीत पाणी भरलं, बाटली पिशवीत टाकली आणि कामाच्या गडबडीत दोन दिवसांनी प्रयोगशाळेत नेली. तिथल्या मॅडमनी ती हातातसुद्धा घेतली नाही. म्हणाल्या, "गुरुजी, निर्जंतुक केलेली बाटली आमच्याकडून न्या. पाणी भरलं की बर्फाच्या डब्यात ठेवा आणि त्याच दिवशी आणून द्या. नाहीतर वाटेतच जंतू वाढतील किंवा मरतील. मग आम्ही तपासायचं तरी काय?"

दुसऱ्या दिवशी सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. सोबत सातवीतली दोन मुलंही घेतली.

"मॅडम, संध्याकाळपर्यंत निकाल मिळेल ना?" एकानं विचारलं.

"छे रे! दोन-तीन दिवस लागतील. या पेटीला घाई चालत नाही," असं म्हणून त्यांनी कोपऱ्यातल्या कपाटासारख्या पेटीकडे बोट दाखवलं. तिच्यावर आकडा चमकत होता : ३७.

ही पेटी म्हणजे इन्क्युबेटर, मराठीत उबवणी पेटी. तिचं काम एकच. बाहेर थंडी असो की ऊन, आतलं तापमान ३७ अंश सेल्सिअसच ठेवायचं. आता ३७च का? कारण आपल्या शरीराचं तापमान साधारण तेवढंच असतं. आपल्या आतड्यात राहणाऱ्या जंतूंना तीच ऊब मानवते. पाण्यात ते इतके थोडे असतात, की शोधून सापडत नाहीत. म्हणून त्यांना आवडीचं खाणं आणि आवडीची ऊब देऊन वाढू द्यायचं. सगळं मनासारखं मिळालं तर असा एक जंतू सुमारे २० मिनिटांत दोन होतो. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ... हिशेब करून पाहा. सात तासांत आकडा वीस लाखांच्या पुढे जातो!

मॅडमनी आमचं पाणी जांभळ्या रंगाच्या पातळ द्रवाच्या नळ्यांमध्ये घातलं. त्या द्रवात दुधातली साखर होती. प्रत्येक नळीत एक चिमुकली नळी उलटी बुडवलेली. आतड्यातले काही जंतू ही साखर खातात आणि आम्ल व वायू तयार करतात. आम्लामुळे जांभळा रंग पिवळा होतो आणि वायूचा बुडबुडा उलट्या नळीत अडकतो. म्हणजे न दिसणारा चोर आपोआप दिसू लागतो.

पण पेटीला कसं कळतं, की आता ३७ अंश झाले? तुमच्या घरातली विजेची इस्त्री आठवा. तापली की 'टक्' आवाज होऊन दिवा विझतो, थोड्या वेळानं पुन्हा लागतो. तिच्यात पितळ आणि लोखंडासारख्या दोन वेगळ्या धातूंची, एकमेकींना चिकटवलेली पट्टी असते. तापल्यावर एक धातू जास्त पसरतो, दुसरा कमी. त्यामुळे पट्टी वाकते आणि वीज तुटते. गार झाली की पट्टी सरळ होते आणि वीज पुन्हा सुरू. या युक्तीला थर्मोस्टॅट म्हणतात. अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञानं १८३० साली अशा दोन धातूंच्या थर्मोस्टॅटचं पेटंट घेतलं. त्याच्याही दोनशे वर्षं आधी कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकानं स्वतःची आच स्वतःच कमी-जास्त करणारी भट्टी बनवली होती आणि तिच्या उबेवर अंडी उबवण्याचा खटाटोप केला होता. आता प्रयोगशाळेतल्या पेट्यांत पट्टीऐवजी बहुधा इलेक्ट्रॉनिक संवेदक असतो. तत्त्व मात्र तेच : मोजा, कमी पडलं तर तापवा, पुरेसं झालं की थांबा.

शेजारी पाण्यानं भरलेली एक स्टीलची टाकीही होती. तिला वॉटर बाथ म्हणतात. पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं, म्हणून त्यात तापमान हवेपेक्षाही स्थिर राहतं. पुढची परीक्षा ४४.५ अंशांवर असते. त्यात ०.२ अंशाहून जास्त फरक चालत नाही. विष्ठेतून आलेले जंतू एवढी उष्णता सोसतात, माती-पाल्यातले बहुतेक जंतू सोसत नाहीत.

"आणि मॅडम, वीज गेली तर?" आमच्या दुसऱ्या पठ्ठ्यानं विचारलं.

मॅडम गंभीर झाल्या. "तेच तर! पेटी गार पडली तर जंतू वाढणार नाहीत. नळ्या जांभळ्याच राहतील आणि घाण पाण्याला आम्ही 'स्वच्छ' म्हणून मोकळे होऊ. ते पाणी मग तुम्हीच पिणार ना?" त्यांनी एक वही दाखवली. रोज सकाळ-संध्याकाळ पेटीतल्या थर्मामीटरचा आकडा आणि खाली सही. एकही दिवस कोरा नव्हता.

तिसऱ्या दिवशी अहवाल हाती आला : पाणी पिण्यास अयोग्य. ग्रामपंचायतीनं विहिरीत टीसीएल पावडर टाकली आणि काठावरची गटाराची फुटकी नाली दुरुस्त केली. तोवर घरोघर पाणी उकळून पिणं सुरू झालं. पुढच्या तपासणीत एकही नळी पिवळी झाली नाही. वर्ग पुन्हा भरला.

तुमच्या घरातही अशी पेटी आहे बरं का! थंडीत आजी विरजणाचं पातेलं घोंगडीत गुंडाळून ठेवते, ते कशाला? करून पाहा. दोन वाट्यांत सारखंच कोमट दूध आणि सारखंच विरजण घ्या. एक वाटी जाड कापडात गुंडाळून डब्यात ठेवा, दुसरी फ्रिजमध्ये किंवा गार जागी उघड्यावर. सकाळी दोन्ही वाट्या पाहा आणि फरक वहीत लिहा. घोंगडी ऊब फक्त धरून ठेवते, ती गेलेली ऊब भरून काढत नाही. पेटी मात्र मोजते आणि भरूनही काढते. आजीचं पातेलं आणि प्रयोगशाळेची पेटी यांत फरक आहे तो एवढाच.

प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीनं ते दोन आकडे आमच्या वर्गाच्या भिंतीवर रंगीत खडूनं लिहिलेत : ३७ आणि ४४.५. पाहुणे आले की विचारतात, हे काय? मग ती सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगते.