उत्सव दारी यावा

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना गणेशोत्सवातील मुलांची वेशभूषा स्पर्धा परिचयाची नाही, असे सहसा होत नाही. ओठांवरून मिशी घसरत असलेले चिमुकले शिवाजीराजे, नऊवारीचा ओचा सावरता सावरता वाक्य विसरणाऱ्या जिजाऊ आणि पडद्याआडून तेच वाक्य पुटपुटणारी आई, हे दृश्य भोपाळला जसे दिसते तसेच बडोद्याला आणि हैदराबादलाही दिसते. या हौसेचे मोल केवळ करमणुकीपुरते नाही. ज्या मुलाचे सारे शिक्षण हिंदीत वा इंग्रजीत होते, त्याच्या मुखी त्या निमित्ताने चार नीट मराठी वाक्ये येतात. गाडगेबाबा कोण, सावित्रीबाई कोण, हे त्याला विचारावेसे वाटते.

ही परंपरा २०२० साली एकाएकी थबकली. भोपाळमध्ये त्या वर्षी २४ जुलैच्या रात्रीपासून दहा दिवस कडक टाळेबंदी होती, आणि त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच, २२ ऑगस्टला, गणेशचतुर्थी आली. सार्वजनिक ठिकाणी मूर्ती बसवण्यास आणि मिरवणुकीस मध्य प्रदेशात मनाई होती. महाराष्ट्रातही निराळे चित्र नव्हते. तेथे शासनाने सार्वजनिक मूर्तीची उंची चार फुटांवर आणि घरगुती मूर्तीची दोन फुटांवर आणली. लालबागच्या मंडळाने त्या वर्षी मूर्तीच न बसवता 'आरोग्योत्सव' मांडला आणि रक्तदान व रक्तद्रव्यदान घडवून आणले. त्याआधी आषाढीला ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका पायी वारीऐवजी एस.टी.च्या गाडीने पंढरपुरास गेल्या होत्या. परंपरा वाकली, परंतु मोडली नाही.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी त्या साथीची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. सभागृहे पुन्हा भरली, ध्वनिक्षेपक पुन्हा गर्जू लागले. मग आता अंतर राखून साजऱ्या करावयाच्या उत्सवाची चर्चा कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर निदान भोपाळकरांना तरी दूर शोधावे लागत नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री या शहरावर जो विषारी वायू पसरला, त्याने हजारोंची फुप्फुसे कायमची अधू केली. जुने शहर आणि रेल्वे स्थानकाचा परिसर यांनी तो आघात सर्वाधिक सोसला. परंतु त्या रात्रीतून वाचलेली माणसे आज शहराच्या साऱ्याच भागांत वसलेली आहेत. एप्रिल २०२० मध्ये भोपाळात करोनाने जे पहिले बळी घेतले, त्यांत वायुपीडितांचा भरणा मोठा होता. अशा माणसाला, किंबहुना कोणत्याही दमेकऱ्याला वा ऐंशीच्या घरातील आजोबांना, पावसाळी तापाच्या दिवसांत बंद सभागृहातील दाटी आजही धोक्याचीच आहे. ते येत नाहीत, आणि आपणही त्यांना विसरतो.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे: उत्सवाची आखणी व्यासपीठापासून सुरू न होता गल्लीतील सर्वांत अशक्त माणसाच्या खुर्चीपासून सुरू व्हावी. तो येऊ शकत नसेल, तर उत्सवाने त्याच्या दारी जावे.

ही कल्पना परकी मुळीच नाही. डोक्यावर मोरपिसांचा टोप, अंगात घोळदार अंगरखा, हाती टाळ-चिपळ्या अशा थाटात पहाटे दारी येणारा वासुदेव कोणालाही सभागृहात बोलावीत नसे. बहुरूपी, गोंधळी, पिंगळा हे सारे दारी येणारेच. सोंग घेणाऱ्याने अंगणात उभे राहावे आणि घरच्यांनी उंबऱ्याच्या आतून पाहावे, हीच आपली जुनी रीत. संत एकनाथांनी आपल्या भारुडांतून याच मंडळींच्या रूपांना अध्यात्माची वाणी दिली. सभागृह, पडदा आणि परीक्षकांचे मेज या गोष्टी त्या मानाने अगदी अलीकडच्या आहेत.

आता प्रत्यक्ष आखणीचा विचार करू. इंद्रपुरीसारख्या वसाहतीतील समोरासमोर चोवीस घरांची एक गल्ली समजा. मुलांचे पाच-सहा जणांचे तीन गट करावेत. गटातील मुले शक्यतो दोन-तीन घरांतलीच असावीत, म्हणजे नित्य एकत्र खेळणारीच मुले एकत्र राहतील. प्रत्येक दारी थांबण्याचे कारण नाही. एका फाटकापुढे झालेले सोंग शेजारच्या दोन घरांनाही दिसते, तेव्हा आठ थांबे पुरेत. थांब्याला चार मिनिटे धरली, तर एक गट सुमारे अर्ध्या तासात गल्ली पार करतो. दोन गटांत दहा मिनिटांचे अंतर ठेवले, तर सायंकाळी पाचला सुरू झालेला कार्यक्रम सहाच्या सुमारास, उजेड असतानाच, आटोपतो.

थांब्याच्या जागी रस्त्यावर चुन्याने दोन-दोन गजांवर, म्हणजे सहा-सहा फुटांवर, वर्तुळे काढावीत. शाळेच्या पटांगणात 'हात पुढे, अंतर घ्या' ही आज्ञा ऐकून वाढलेल्या मुलांना त्यात अवघड काही नाही. लेझीमही हात मोकळे फिरतील इतक्या अंतरावरच खेळतात. पाऊस आल्यास कार्यक्रम सभागृहात हलवू नये. तो दुसऱ्या दिवसावर ढकलावा. उत्सव दहा दिवसांचा आहे, आणि बंद खोलीत हवा कोंडते हेच तर टाळावयाचे आहे.

वेषाबाबत एक सूचना करावीशी वाटते. भाड्याच्या जरीकाठी पोशाखापेक्षा घरच्या वस्तूंतून साकारणारे सोंग निवडावे. गाडगेबाबांचे सोंग घ्यावयास लागते काय? चिंध्यांचा अंगरखा, डोक्यावर खापर आणि हातात खराटा. ज्या संताने गावोगावचे रस्ते स्वतः झाडले, त्याच्या वेषातील मुलाने आपल्या गल्लीतला कचरा खरोखरच चार हात झाडला, तर त्याहून उत्तम संवाद तो कोणता? साथीचे दिवस असतील तर नाकातोंडावरील कापडी पट्टी वेषाच्या आत साधीच असावी. सोंगाचा पुठ्ठ्याचा मुखवटा तिची जागा घेऊ शकत नाही, आणि पट्टीवर रंग मुळीच फासू नये. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मात्र अशी पट्टी बांधण्याचा आग्रह धरू नये.

मोठ्या आवाजात सर्वांनी मिळून गाण्याने श्वासातून साथ पसरते. तेव्हा गायनाचे काम टाळ-चिपळ्यांवर आणि लेझमीवर सोपवावे, आणि एका थांब्यावर एकाच मुलाने बोलावे. आरती मात्र साऱ्या गल्लीने एकाच वेळी, प्रत्येकाने आपापल्या दारात, आपापले निरांजन लावून करावी. प्रसादही ज्याचा त्याच्या घरचा. क्रमांक देऊच नयेत. प्रत्येक घराने आवडलेल्या सोंगाविषयी मराठीत दोन ओळी चिठ्ठीवर लिहाव्यात आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलांच्या हाती द्याव्यात. चषक कपाटात जातो. आजोबांच्या कापऱ्या हस्ताक्षरातील चिठ्ठी जपून ठेवली जाते.

याहून नाजूक एक बाब आहे. एप्रिल-मे २०२१ च्या दुसऱ्या लाटेने अनेक घरांतली माणसे नेली, आणि त्या वर्षी १० सप्टेंबरला गणपती बसले तेव्हा त्या घरांत सण नव्हता. वर्षभर सण न करण्याची आपली रूढी आहे. अशी घरे साथ नसतानाही प्रत्येक गल्लीत असतात. सभागृहातील कार्यक्रमाला ती मंडळी अनुपस्थित राहतात आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. दारी जाणाऱ्या उत्सवाला मात्र ते दार टाळता येत नाही. तेथे वाद्ये थांबवावीत. मुलांनी फाटकाशी एक फूल ठेवावे, नमस्कार करावा आणि पुढे जावे. दुःखात असलेल्या घरापुढून कसे जावे, हा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळत नाही.

यावर आक्षेप येईल, तो असा: लोकमान्यांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला बळ दिले ते लोकांना एकत्र आणण्यासाठी, आपण तर त्यांना आपापल्या दारात उभे करीत आहोत. आक्षेप विचारार्ह आहे. परंतु एकत्र येणे म्हणजे एका खोलीत दाटणे नव्हे. १९५६ साली भोपाळ राजधानी झाले आणि नागपूरहून सरकारी नोकरवर्ग येथे आला. त्याच वर्षी स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्यामुळे पुढे पिपलानी-इंद्रपुरीच्या बाजूला देशातील सर्व प्रांतांची माणसे शेजारी झाली. मराठी मंडळाच्या सभागृहात आपणच आपल्याला पाहतो. गल्लीतून निघालेला वासुदेव मात्र मल्याळी आणि बंगाली शेजाऱ्यांच्याही दारापुढून जातो. हे कोण, असे ते विचारतात, आणि आपल्या मुलाला त्याचे उत्तर देता यावे लागते. एकत्र येण्याची ही कक्षा सभागृहाहून मोठीच आहे.

सभागृहातील सोहळा बंद करावा, असे मी सुचवीत नाही. दहा दिवसांतील एक सायंकाळ दारच्या उत्सवासाठी राखावी, इतकेच. पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. परंतु ती आली तर ज्या गल्लीला ही सवय असेल, त्या गल्लीचा उत्सव थांबणार नाही. आणि ती न आली, तरी खिडकीशी खुर्ची ओढून बसलेली एखादी आजी त्या सायंकाळी फाटकाकडे डोळे लावून असेल. यंदाच्या बैठकीत वर्गणीच्या आकड्याआधी तिचे घर कोणते, हे विचारले जावे.