पाथरीची सावली

जूनच्या ७-८ तारखेला परभणीच्या काळ्या रानात ‘मृग लागतो’. पेरणीच्या गडबडीतही सगळ्यांचे डोळे आभाळाकडे असतात. पण ढग नसलेल्या रात्रीही त्या दिवसांत मृग शोधू गेलात, तर सापडत नाही. मृग लागला म्हणजे सूर्य मृगात आला. ते तारे त्याच्याच सोबतीने उगवतात, त्याच्याच उजेडात बुडतात. हाच मृग डिसेंबर-जानेवारीत ज्वारीच्या राखणीला गेलेल्याच्या डोक्यावर रात्रभर असतो. त्याच्या पोटातल्या तीन ताऱ्यांचं तिकांडं किती कललं, यावरून रात्र किती उरली ते कळतं. सहा महिन्यांत पृथ्वी सूर्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाते, म्हणून हा फरक.

हे आकाश नुसतं पाहून न थांबता त्याचं गणित मांडणारं एक घराणं याच जिल्ह्यात नांदलं. पाथरी म्हटलं की आज साईबाबांच्या जन्मस्थानाची चर्चा आठवते. जुन्या ग्रंथांत मात्र पार्थपूर म्हणून जे गाव येतं ते हेच, असं अभ्यासक मानतात. नागनाथांचे पुत्र ज्ञानराज इथले. त्यांच्या ‘सिद्धान्तसुंदर’ या ग्रंथातलं गणित शके १४२५ म्हणजे इ. स. १५०३ पासून सुरू होतं. मुलगा सूर्यदास यांनी भास्कराचार्यांच्या बीजगणितावर १५३८ साली आणि ‘लीलावती’वर १५४१ साली टीका लिहिली. याच सूर्यदासांनी सुलट वाचलं तर रामकथा आणि उलट वाचलं तर कृष्णकथा, असं ‘रामकृष्णविलोमकाव्य’ही रचलं. अक्षरांशी आणि अंकांशी सारख्याच सलगीने खेळणारं घर होतं ते.

त्यांच्या विद्येची सुरुवात एका काठीपासून होते. सपाट जमिनीवर वर्तुळ काढायचं, मध्यभागी बारा अंगुळांचा शंकू उभा करायचा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळात शिरतं आणि दुपारनंतर बाहेर पडतं. त्या दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. दिवस-रात्र समान असतात त्या दिवशी भर माध्यान्हीला सावली मोजली की त्या गावची ‘पलभा’ हाती येते. पाथरीचे अक्षांश सुमारे १९ अंश १५ कला. त्यावरून पलभा ४ अंगुळं ११ व्यंगुळं निघते. उज्जैनला तीच काठी ५ अंगुळं ८ व्यंगुळं सावली टाकेल. सूर्य इतका दूर आहे की त्याचे किरण दोन्ही गावांत जवळपास समांतरच पडतात. जमीन सपाट असती तर सावल्याही सारख्याच भरल्या असत्या. हा अंगुळभराचा फरक पृथ्वीच्या गोलाईचा आहे.

मात्र ही माध्यान्ह घड्याळाच्या बाराला येत नाही. मार्चच्या विषुवदिनी पाथरीला सूर्य माथ्यावरची रेषा ओलांडतो तेव्हा साडेबारा वाजून गेलेले असतात. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं आहे आणि पाथरी त्याच्या बरीच पश्चिमेला. जुन्या ज्योतिषांची मुख्य रेषा उज्जैनवरून जायची. त्या हिशेबाने पाथरी जेमतेम सात पळं पुढे.

पृथ्वी गोल आहे हे ज्ञानराजांना मान्य होतं. पण पुराणांतलं विश्वही त्यांना टाकवत नव्हतं. दोहोंमधला विरोध मिटवायचा प्रयत्न त्यांनी केला. त्यांच्या गणितात सूर्य-चंद्रासह सगळे ग्रह पृथ्वीभोवतीच फिरतात. मंगळ मध्येच मागे का सरकतो, वक्री का होतो, हे तिथे आणखी एका वर्तुळाची जोड देऊन सोडवलं जाई. कोपर्निकसने १५४३ साली सूर्य मध्ये मांडला आणि ती गाठ सैल झाली. आतल्या वाटेवरची पृथ्वी वेगाने मंगळाला मागे टाकते. एसटी पुढे काढताना बाजूचा ट्रक मागे जातोय असं वाटतं, तसंच.

ग्रहांना स्वतःचा उजेड नाही. ‘शुक्राची चांदणी’ नावापुरतीच चांदणी. चमकतं ते सूर्याचं ऊन. खरा तारा म्हणजे दूरवरचा सूर्य. आपल्या सूर्याचा प्रकाश इथे यायला आठ मिनिटं आणि काही सेकंद लागतात, त्याच्या शेजारच्या ताऱ्याचा सव्वाचार वर्षं. मृगातल्या राजन्य या निळसर ताऱ्याचा प्रकाश सुमारे साडेआठशे वर्षांचा प्रवास करून येतो. राखणदाराच्या डोळ्यांत उतरणारा तो किरण भास्कराचार्यांच्या काळाच्या आसपास निघालेला.

१९४८ पर्यंत परभणी हैदराबाद संस्थानात होती. त्या संस्थानाच्या निझामिया वेधशाळेने आकाशाच्या जागतिक नकाशासाठी फोटोकाचांवरून सात लाखांहून अधिक ताऱ्यांच्या जागा नोंदवल्या. पाथरीची काठी आणि हैदराबादची दुर्बीण यांत चार शतकांचं अंतर, पण काम एकच: दिसेल ते मोजायचं.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एकेक दुपार अशी येते की परभणीत काठीची सावली तिच्याच पायाशी नाहीशी होते. हा अंक हातात पडेल तेव्हा सूर्य दक्षिणेला झुकलेला असेल. कार्तिकाच्या तोंडावर अंगणात बारा अंगुळांची काडी रोवून पाहा; माध्यान्हीची सावली सात-आठ अंगुळं भरेल. २१-२२ डिसेंबरला ती अकरावर जाईल आणि तिथून मागे वळेल. सावली आखडत पायाशी आली की उन्हाळा मध्यावर आलेला असेल आणि मृग तीन आठवड्यांवर.